तिची जात अलग हाय

सर, तुमच्या फुप्फुसातून निघालेली बुरशी माझ्या प्रयोगशाळेत जिवंत आहे. तुम्हाला आगीच्या हवाली केलं, राख सावडली, कपडे वाटून झाले, चष्मा कुणीतरी आठवण म्हणून मागून नेला. हे एवढं मागे राहिलं. नागपुरात, थंड कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, एका काचेच्या नळीत. मी सकाळी आले की आधी कपाट उघडते, नळी जागेवर आहे ना बघते आणि मग चहाला जाते. बाकीच्यांना गेलेल्या माणसाचा फोटो पुरतो, माझ्या वाट्याला हे आलं. तुम्ही असता तर सगळ्यात आधी तुम्हीच हसला असता.

मला हसू येत नाही. नळीकडे बघितलं की संताप येतो, आणि संताप कुणावर काढायचा ते कळत नाही. बुरशीवर काढून काय उपयोग? तिला तर हेही माहीत नाही की ती कुणाच्या छातीत उगवली होती.

तुमची माझी सुरुवातच मुळी एका ढिगाऱ्यात झाली. मी अनसिंगहून रोज वाशीमला येऊन-जाऊन कॉलेज करणारी, वनस्पतिशास्त्र घेतलं ते बाकी काही मिळालं नाही म्हणून. आणि तुम्ही पहिल्याच सत्रात आम्हाला वर्गातून उठवून एका शेतावर नेलंत. सोयाबीनची मळणी होऊन गेली होती, कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग पावसात भिजून आतून तापला होता. तुम्ही शर्टाची बाही सारली आणि कोपरापर्यंत हात त्यात घातलात. "घाल हात. घाबरून काहून राह्यली?" आत भट्टीसारखं गरम होतं. हात बाहेर काढला तर बोटांवर हिरवट-राखाडी भुकटी. "हे पाय, हिले म्हनतात फ्युमिगेटस. धुरकट. जिथं बाकीच्या मरतात तिथं हे पोरीबाळी वाढवते." आम्हाला नाकाला रुमाल बांधायला लावलात. स्वतः मात्र बांधला नाहीत. दम्याचा फवारा खिशात ठेवून कुटारात डोकं घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी माझी नखं हुंगत होते. सर, मला काय करायचं आहे ते मला तिथं कळलं. याबद्दल मी तुमचे आभार कधीच मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसते, विषय बदलून चहा सांगितला असता.

आणि तो शब्द. तो तर पहिल्याच चाचणीत निघाला. एका मुलानं उत्तर दिलं, की सजीवांच्या वर्गीकरणात सगळ्यात शेवटची पायरी म्हणजे जात. तुम्ही खडू खाली ठेवलात. "ह्या वर्गात हा शब्द चालनार नाही. प्रकार म्हन, प्रजाती म्हन, काही म्हन." आम्हाला वाटलं, परिभाषेची अडचण असेल. मग लक्षात आलं की तुम्ही कृषी केंद्रातसुद्धा बियाण्याची जात कोणती असं कुणी विचारलं, की "वाण म्हणा वाण" असं दटावता. कुणी आडनावावरून चाचपायला लागलं, की तुमचा चहा अर्ध्यात संपायचा आणि तुम्हाला काम आठवायचं.

त्यामागे काकू होत्या, हे मला पुढे कळलं, तेही काकूंकडूनच. शिरपूरच्या बसमध्ये तुम्ही त्यांना पाहिलंत, पाहत राहिलात आणि वर्षभर विनाकारण शिरपूरला जात राहिलात. लग्न केलंत तेव्हा दोन्हीकडून कुणी आलं नाही. तुमच्याकडचे हळूहळू यायला लागले. काकूंच्या भावानं मात्र बहीण मेली असं धरून चालायला सुरुवात केली आणि तसाच शेवटपर्यंत चालत राहिला. तुमच्या घरात तो शब्द बंद झाला तो तेव्हापासून. तुम्हाला मूल झालं नाही, तेव्हा लोक काय काय बोलले असतील याचा अंदाज मला आहे. काकूंनी ते कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

आपलं भांडण गच्चीवरचं. मी नागपूरला बुरशीच्या जनुकांवर काम करायला लागले, सुटीत आले की संध्याकाळी तुमच्याकडे. तुम्ही मला मुद्दाम "मॅडम" म्हणायचात. "काय मॅडम, या वर्षी एका बुरशीच्या किती केल्या?" तुमचा आक्षेप साधा होता. सूक्ष्मदर्शकाखाली जी सारखी दिसते, सारखी वाढते, तिला एक नाव बास. मी सांगायचे, सर, रूप पाहून फसतो आपण. वरून दोघी जुळ्या दिसतात आणि आतून त्यांचं एकमेकींशी काही लागत नाही. मग ते कसं ठरवतात ते तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचात, जणू पहिल्यांदाच ऐकताय. एका जनुकाच्या साक्षीवर विसंबायचं नाही. तीन-चार जनुकांना वेगवेगळं बसवायचं, प्रत्येकाला विचारायचं, हिचं घराणं कोणतं? सगळ्यांची साक्ष जुळली आणि त्या दोन घराण्यांमध्ये देवाणघेवाण झाल्याची खूण कुठंच सापडली नाही, तर तिथे रेघ मारायची. अलीकडची एक, पलीकडची दुसरी.

"म्हंजे रोटीबेटी," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, रोटी नाही, फक्त बेटी.

"एवढं शिकून तुमी बी शेवटी बेटीव्यवहारच पाह्यता. मंग आमचं सांग. आमचा त झाला. आमी एक का दोन?" आणि खालच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं, "मॅडम म्हनतात रूप पाहून फसते मानूस. मी त पह्यलेच फसलो, आता काय फायदा." खालून काकूंचा आवाज, "फसले त वापस करा, पावती हाय का?" तुम्ही इतके हसायचात की फवारा काढायला लागायचा.

हसून झालं की तुम्ही पुन्हा मुद्द्यावर यायचात आणि तिथं तुमचा आवाज बदलायचा. "रेघा मारनारे लय होऊन गेले आपल्याकडं. ज्या रेघेनं एका बी मानसाचं काही बदलत नाही, ते कायले मारता?" मी म्हणायचे, बदलेल सर, एक दिवस एखाद्या माणसाचं त्या रेघेवर सगळं अवलंबून असेल. "त त्या दिवशी मार," तुम्ही म्हणायचात. आपलं भांडण तिथे थांबायचं आणि पुढच्या सुटीत तिथूनच सुरू व्हायचं. मला ते मिटवायची घाई नव्हती. तुम्ही आहात, गच्ची आहे, सुट्या येतच राहणार आहेत, असं मी धरून चालले होते.

मग या दिवाळीनंतर तुमचा खोकला हटेना. दम्याच्या गोळ्यांनी अंगातली ताकद आधीच खाल्लेली. अकोल्याच्या दवाखान्यात छातीतला नमुना घेतला, तो तिथल्या प्रयोगशाळेत वाढवला, बघितला आणि लिहून दिलं, फ्युमिगेटस. त्यांना दोष देता येत नाही असं म्हणणं सभ्यपणाचं होईल. मी सभ्य नाही, मी देते. ती वाढायला उशीर लावत होती, हिरवी व्हायला तर फारच. कुणीतरी म्हणालं, ज्यावर वाढवतात ते माध्यम जुनं असेल. बघून जे दिसलं ते लिहिलं. फ्युमिगेटसला जे औषध द्यायचं ते सुरू झालं. तुम्ही त्या नावावर पहिल्यांदा खूष झालात, ओळखीची पाहुणी आल्यासारखे. "कुटारातली हाय, आपलीच हाय," मला फोनवर म्हणालात. मीही म्हटलं, मग काय, औषध चांगलं आहे तिच्यावर.

औषध चालेना. तुम्हाला अतिदक्षता विभागात हलवलं तेव्हा मी अकोल्याला आले, डॉक्टरांच्या परवानगीनं त्या बुरशीची एक बशी घेतली आणि नागपूरला आणली. तुमच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, बोलू देत नव्हते. तुम्ही डोळ्यांनीच बशीकडे खूण केलीत, दाखव. नर्सनं मला बाहेर काढलं. म्हणून मी प्रयोगशाळेत पोचल्यावर बशीचा फोटो काढला आणि काकूंच्या फोनवर पाठवला, खाली लिहिलं, "सरांना दाखवा. त्यांना काय वाटतं विचारा." फोटोत ती पांढरीच होती, कापसाचं बोंड फुटावं तशी. कडेला जेमतेम हिरवी झाक.

सकाळी दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. दिवसभर नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्या पुतण्याचा फोन आला.

निकाल आला तो तुम्हाला पोचवून आल्यावर. तीन जनुकं वाचली होती, तिघांनी एकच सांगितलं. ती फ्युमिगेटस नव्हतीच. तिच्याच कुळातली, तिच्याचसारखी दिसणारी, लेंट्युलस. लॅटिनमध्ये याचा अर्थ जरा संथ, असा आहे. खात्रीसाठी तुमच्या जुन्या पद्धतीनंही बघितलं, दोघींना कुटाराच्या ढिगाएवढ्या उकाड्यात ठेवलं. फ्युमिगेटस मजेत वाढली, ही उगवली नाही. तुम्हाला दिलेलं औषध हिच्यावर नीट चालतच नाही. दुसरं दिलं असतं तर तुम्ही वाचला असता का? मला नक्की सांगता येत नाही. हिच्यापुढे बरीच औषधं हात टेकतात. पण विचारायला तरी हवं होतं. ज्या रेघेनं एका माणसाचं काही बदलतं अशी रेघ मी तुम्हाला दाखवणार होते, आणि दाखवली तेव्हा तो माणूस तुम्ही होतात. असं जिंकायचं नव्हतं हो मला.

हा निकाल कुणाला सांगायचा नाही असं ठरवूनच मी तुमच्या तेरवीला आले. गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन, चुकीचं औषध दिलं होतं हे सांगून काय साधायचं? पुढच्या खोलीत तुमचा फोटो, हार, उदबत्ती. पुतण्या सगळं बघत होता. काकू फोटोपाशी नव्हत्या. आत स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि समोरचं ताट तसंच होतं. बाया म्हणत होत्या, दुःख झालं तिला. मला ते दुःख दिसलं नाही. मला त्या रुसलेल्या दिसल्या, आणि रुसायला समोर माणूस उरला नव्हता.

मी शेजारी बसले. भिंतीकडेच बघत त्या म्हणाल्या, "तुह्या सरायनं जाता जाता जात दाखवली मले माह्यी."

मी म्हटलं, काय बोलता काकू?

"खरं तेच बोलून राह्यली. आखरीचं बोलले ते. मुखवटा बाजूले केला हातानं न माह्याकडं पाहून बोलले. रूप पाहून फसलो. तिची जात अलग हाय. पह्यलेच इचाराले पाह्यजे होतं." त्यांच्या आवाजात चढउतार नव्हता. "नर्सबाई होती तिथं, तिलेच सांगून राह्यले जसे. तिनं खाली मान घातली न बाहेर गेली. तिले बी समजलं. उभी जिंदगी ह्या घरात काढली मी, पोरी. माह्या भावानं जे एकदा ह्यायच्या तोंडावर म्हनलं, जात अलग हाय म्हनून, ते ह्यायनं पोटात ठेवलं होतं. मरताना निंघालं."

सर, खोटं कशाला सांगू, क्षणभर माझाही विश्वास बसला. मरताना माणसाच्या आतून काय निघेल याचा नेम नसतो, मी दवाखान्यात पाहिलं आहे. मला तुमचा भयंकर राग आला. ज्या माणसानं खडू खाली ठेवला होता, त्याच्या आत हे होतं?

मग "रूप पाहून फसलो" हे शब्द डोक्यात पुन्हा वाजले, आणि ते माझे होते. गच्चीवरचे. दर सुटीत मी तुम्हाला ऐकवलेले.

मी विचारलं, "काकू, हे कधी म्हणाले?"

"आदल्या दिवशी. संध्याकायी."

"त्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांना फोनवर फोटो दाखवला होता?"

"तूच त धाडला होता. दाखवला. लय येळ पाह्यला, मंग डोये मिटले. काही बोलले नाही. म्हनून तुले काही लिवलं नाही मी."

मी फोन काढला, तो फोटो उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. त्या पांढऱ्या गोळ्यावर बोट ठेवलं. "काकू, ही बुरशी. बुरशीला आपण ती म्हणतो. दवाखान्यानं हिचं रूप पाहून नाव ठेवलं आणि फसले. हिची जात वेगळी निघाली. आधी विचारायला पाहिजे होतं ते हिला. सरांनी मला उत्तर दिलं होतं, काकू. मी तुमच्या फोनवर विचारलं, म्हणून त्यांनी तुम्हाला दिलं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तू मले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यली."

तेव्हा मी तो निकाल काढला, जो कुणाला सांगायचा नाही असं ठरवून आले होते. बाहेर पंगत उठत होती, भांडी वाजत होती आणि मी तुमच्या बायकोला जनुकं समजावून सांगत होते. तीन साक्षीदार, वेगवेगळे बसवून विचारलेले, तिघांचं म्हणणं एक. ही ती नाहीच. तुम्ही दिवसभर डोळे मिटून नुसत्या फोटोवरून जे ओळखलं, ते सांगायला माझ्या यंत्रांना तुम्ही गेल्यावरही वेळ लागला. चुकीच्या औषधाचंही सांगावं लागलं. ते काकूंनी नुसतं ऐकून घेतलं. त्यांना एकच हवं होतं.

"पक्कं अलग हाय?"

"पक्कं."

"न तुह्या यंत्रानं म्हनलं असतं, अलग नाही, तेच हाय. मंग?"

सर, जनुकं बुरशीची साक्ष देतात. तुम्ही ते वाक्य कुणाकडे बघून म्हणालात आणि तुमच्या मनात कोण होतं, याची साक्ष कुठलं यंत्र देणार? मला ते माहीत आहे, पण मी तुमची विद्यार्थिनी आहे, तुमच्याबद्दल वाईट मानायला मी कधीच तयार नव्हते. आणि एक तुम्हाला विचारायचं राहिलं. आयुष्यभर प्रकार म्हणालात, प्रजाती म्हणालात. त्या दिवशी तोच शब्द का? काकूंना दुसरा कळला नसता म्हणून? दोनच अक्षरं आहेत, तेवढाच श्वास होता म्हणून? की हरल्याचं मला सांगताना तुम्हाला ते पूर्ण सांगायचं होतं, त्या शब्दासकट? तुमचा राग येतो तो इथे येतो. कौतुक वाटतं तेही इथेच वाटतं. मुखवटा काढून, जाणाऱ्या श्वासावर, तुम्ही एका बुरशीचं नाव दुरुस्त करत होतात.

काकूंनी विचारलं, "ते जित्तं हाय अजून? त्यायच्या छातीतलं?"

मी हो म्हटलं. आणि मग मला वाटलं, हे या बाईला किती भयंकर वाटत असेल. सगळं माणूस जळलं आणि ज्यानं मारलं ते माझ्या कपाटात सुखानं बसलंय. म्हणून म्हटलं, "तुम्ही म्हणाल तर मी ते नष्ट करते, काकू. आमच्याकडे भट्टी असते. काही उरत नाही."

त्यांनी ताट पुढे ओढलं. पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"नाही," म्हणाल्या. "जित्तं ठेव. उद्या माह्या मनात पुन्हा आलं, त मी इचाराले कोनाकडं जाऊ?"

तेव्हापासून ती जिवंत आहे. मी तिला वेळेवर नव्या माध्यमावर घालते, तुम्ही शिकवलंत तसं, सुईचं टोक जाळून, श्वास रोखून. तिनं तुम्हाला नेलं आणि मी तिला खायला घालते. माझे सहकारी म्हणतात, चांगला नमुना आहे, दुर्मीळ आहे, ठेवायलाच हवा. मी मान हलवते.

काकूंचा फोन येतो. आधी दोन-तीन दिवसांनी यायचा, आता आठवड्यानं येतो. तब्येत विचारत नाहीत, सांगतही नाहीत. "अलगच हाय ना ते?" एवढंच. मला उत्तर पाठ आहे, पण मी फोन कानाला लावून उठते, कपाटापर्यंत जाते, दार उघडते आणि नळी हातात घेऊन मगच सांगते, "हो काकू. अलगच आहे."